चपला बाहेर, कंस आत

दारावर फ्लेक्स होता : 'वेब डेव्हलपमेंट बूट कॅम्प. १२ आठवड्यांत फुल स्टॅक डेव्हलपर'. त्याच्या बरोबर खाली वहीच्या पानावर स्केचपेनने लिहिलं होतं : 'चपला-बूट बाहेर काढावेत'. दोन्ही वाचलं, बाहेरचा ऐवज बाहेर ठेवला आणि आत गेलो.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. वडील छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे. मी पेजमेकरवर आलो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, पुढे कंपनीने तो विषयच बंद केला. ही बातमी आमच्या गल्लीत अजून पोचलेली नाही. वीसेक वर्षं मी मुख्यतः लग्नपत्रिका केल्या. मग लोक पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागले, छापायच्या तर देवापुढे ठेवायला आणि मामांच्या घरी द्यायला तेवढ्या पन्नास. शेवटी एका मुलीच्या बापाने दुकानात उभं राहून विचारलं, "वेबसाइटवाली पत्रिका करता का?" मी म्हटलं, "करतो ना." आमच्या धंद्यात 'नाही' हा शब्द नसतो. गिऱ्हाईक गेल्यावर 'कसं' हा शब्द असतो.

भाच्याने या कॅम्पचं पत्रक आणून दिलं. इतर लोक पत्रकातला मजकूर वाचतात, मी पॉइंट मोजतो. '१०० टक्के प्लेसमेंट' हे शब्द ७२ पॉइंटात, ठळक, लाल. पुढे 'असिस्टन्स' हा शब्द ६ पॉइंटात, फिकट करड्या रंगात. ज्याने हे जुळवलं तो माझ्याच धंद्यातला तयारीचा माणूस होता, त्यामुळे रागवायचं राहूनच गेलं. पंचेचाळीस हजार, तीन हप्त्यांत. पहिला भरला.

सर सव्वीस वर्षांचे. पहिल्या दिवशी ते मला 'काका' म्हणाले, मी त्यांना 'सर' म्हणालो, आणि पुढचे बारा आठवडे आम्ही दोघंही एकमेकांच्या पाया पडायच्या बेतात असल्यासारखे बोलत राहिलो. बाकावर शेजारी बार्शीची एक मुलगी होती. मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्या बॅचमध्ये मेकॅनिकलवाले नऊ, सिव्हिलवाले चार, एक फार्मसीवाला आणि एक एमपीएससीचे चार प्रयत्न संपवून आलेला. कॉम्प्युटर इंजिनिअर एकही नाही. कॉम्प्युटर शिकायला कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं कुणी येत नाही, हे मला जरा शंकास्पद वाटलं, पण हप्ता भरून झाला होता.

पहिला आठवडा एचटीएमएलचा. हा फारच भिडस्त प्राणी. टॅग उघडला आणि बंद करायला विसरलात तरी ब्राउझर तोंडातून शब्द काढत नाही. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते अंदाजाने समजून घेतो आणि पान दाखवतो. नव्या जावयाला अळणी आमटी वाढली तर तो जसा 'छान झालीय' म्हणतो, तसं. सर सांगत होते की टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला तो शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडता यावीत म्हणून. म्हणजे मुळात कागदाचंच काम. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यात सरांनी पानात भरायला नमुन्याचा मजकूर दिला आणि मी खुर्चीतून उठायचाच बाकी राहिलो. लोरेम इप्सम! पेजमेकरमधला आमचा जुना दोस्त. सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाची मोडतोड करून बनवलेला, अर्थ नसलेला मजकूर. अनोळखी वऱ्हाडात एकच ओळखीचा चेहरा दिसावा आणि तोही मुका निघावा, तसं झालं.

दुसऱ्या आठवड्यात सीएसएस आलं आणि माझी अब्रू गेली.

लग्नपत्रिकेतला प्रत्येक शब्द मध्यात असतो. गणपती मध्यात, कुलस्वामिनी मध्यात, वर मध्यात, वधू मध्यात, मधला 'आणि' सुद्धा मध्यात. वडील दोन्ही बाजूंना सारखे क्वाड भरून ओळ मध्यात आणायचे, मी कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचो. वीस वर्षांत किती हजार वेळा दाबलं असेल त्याला हिशोब नाही. सर म्हणाले, "हा चौकोन पानाच्या मध्यात आणा." मी मनात हसलो आणि बोटांनी सवयीने कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं. चौकोन जागचा हलला नाही. पण क्रोमच्या उजव्या बाजूने एक खिडकी उघडली आणि पानाचं आतडं-कोथळं सगळं बाहेर आलं. ब्राउझरमध्ये त्याच तीन कळांनी पानाची चिरफाड करून बघता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं कॉम्प्युटर गेला. शेजारची म्हणाली, "काका, तुम्हाला इन्स्पेक्ट येतं?" पुढचे दोन दिवस वर्गात माझ्याबद्दल बराच आदर होता.

आडवं मध्यात आणणं जमलं. मार्जिन ऑटो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा सोड. वडिलांचे क्वाडच, फक्त शिशाचे नाहीत. पण उभं मध्यात काही केल्या येईना. चौकोन एकतर वर चिकटायचा, नाहीतर पानाखाली बुडी मारायचा. मग सरांनी जे सांगितलं त्याने मला फार धीर आला. सीएसएसचं पहिलं प्रमाणित रूप १९९६ चं. एखादी गोष्ट उभी-आडवी मध्यात ठेवायची सरळ सोय, तिला फ्लेक्सबॉक्स म्हणतात, ती सगळ्या ब्राउझरांत नीट चालायला लागेपर्यंत २०१५ च्या आसपास उजाडलं. जवळजवळ वीस वर्षं जगभरची हुशार माणसं चौकोन मध्यात आणायला धडपडत होती. त्याच वीस वर्षांत मी अप्पा बळवंत चौकात बसून ते दिवसातून पन्नासदा करत होतो. माझी दखल कुणी घेतली नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून जावास्क्रिप्ट. जावा ही वेगळी भाषा, तिचा हिच्याशी काही संबंध नाही. हिचं आधीचं नाव लाइव्हस्क्रिप्ट. त्या वेळी जावाचा बोलबाला होता म्हणून नाव बदललं. मला हे लगेच समजलं. या दोघी जावा-जावा आहेत : आडनाव एक, चूल वेगळी, बोलणं बंद. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात हिचा पहिला अवतार दहा दिवसांत लिहिला. दहा दिवसांत! दहा दिवसांत आमच्याकडे गणपती येऊन विसर्जन होतं. इथे विसर्जन करायचं राहून गेलं आणि आता मूर्ती घराघरात बसली आहे, हलवायची कुणाची टाप नाही.

मी सरावाला माझ्या दुकानाचा हिशोब करणारं पान बनवलं. एका खणात पत्रिका किती, दुसऱ्यात जादा किती, खाली बेरीज. दोनशे आणि पन्नास टाकले. उत्तर आलं २००५०. वीस हजार पन्नास पत्रिका! सर शांतपणे म्हणाले, "काका, खणात भरलेला आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो. अधिक चिन्ह दिलं की जावास्क्रिप्ट मजकुराला मजकूर जोडते." मी म्हटलं, मग वजाबाकी? वजाबाकी मात्र बरोबर येते. दोनशेतून पन्नास वजा केले की दीडशे. वजाबाकीच्या वेळी तिला हे आकडे असल्याचं आठवतं. घ्यायच्या वेळी एक आणि द्यायच्या वेळी एक असा हिशोब ठेवणारा एक कागदाचा व्यापारी माझ्या ओळखीचा होता.

आणि कंस. गोल कंस, महिरपी कंस, चौकोनी कंस, एकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. या कंसाने आमच्या बॅचला जेवढं छळलं तेवढं मूळच्या कंसाने गोकुळाला छळलं नसेल. एक बंद करायचा राहिला तर जावास्क्रिप्ट एचटीएमएलसारखी भीड ठेवत नाही, सगळं काम खाली टाकून उभी राहते आणि ओळीचा नंबर सांगते. त्या ओळीत चूक नसते. चूक तीस ओळी वर असते. ती तिच्या लक्षात इथे पोचल्यावर आलेली असते. छापखान्यातले आमचे मुद्रितशोधक असेच होते. 'पान ४७ बघा' एवढंच लिहायचे आणि घरी जायचे.

सर म्हणाले, "अडलं की समोर रबराचं बदक ठेवायचं आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता आपली चूक आपल्याला सापडते. जगभर करतात." आमच्या घरात बदक नव्हतं. बायको मेथी निवडत बसली होती, मी लॅपटॉप घेऊन समोर बसलो.

"हे बघ, इथे मी विचारतोय की दुकान उघडं आहे का. उघडं असेल तर 'या' असं दाखव."

"आणि बंद असेल तर?"

"थांब, येतो त्याच्याकडे. मग इथे मोजणी चालू होते..."

"अहो, पण बंद असेल तर?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. बंद असेल तर काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. तिने मेथीची एक काडी मोडून बघितली, जून निघाली, देठांच्या ढिगात टाकली. "दुकानावर पण तुम्ही बंदची पाटी कधी लावत नाही," ती म्हणाली. "लोक मला फोन करतात." त्या दिवसापासून बदकाचं काम तिच्याकडे आहे. बदक मात्र उलट प्रश्न विचारत नाही, हा त्याचा फायदा माझ्या उशिरा लक्षात आला.

पाचव्या आठवड्यात घडलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पंचेचाळीस हजारांतले निदान दहा मला त्या एका दुपारी वसूल झाले.

उलटसुलट सारखा येणारा शब्द ओळखायचा, असा स्वाध्याय होता. त्याला ते पॅलिन्ड्रोम म्हणतात आणि नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात. रीत सोपी : शब्दाची अक्षरं सुटी करा, उलटी लावा, परत जोडा, मूळ शब्दाशी ताडून बघा. सरांनी 'मॅडम' आणि 'लेव्हल' हे शब्द इंग्रजीत टाकून दाखवले. बरोबर, बरोबर. मला शाळेतलं आठवलं. मी टाइप केलं : रामाला भाला मारा. मधल्या मोकळ्या जागा काढल्या, कळ दाबली.

उत्तर आलं : चूक.

परत टाकलं. चूक. बार्शीच्या मुलीने तिच्या लॅपटॉपवर टाकलं. तिथेही चूक. सर आले. "काका, स्पेलिंग तपासा." रा मा ला भा ला मा रा. पहिलीतलं पोर बोटांवर मोजून सांगेल, सात अक्षरं, पुढून-मागून तीच. मी अक्षरांची संख्या विचारली. जावास्क्रिप्ट म्हणाली, चौदा.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ती काना वेगळा मोजत होती. 'र' एक, काना दुसरा, 'म' तिसरा, त्याचा काना चौथा. उलटं लावल्यावर वाक्य सुरू होत होतं ते चक्क कान्याने. स्क्रीनवर एक ठिपक्यांचं वर्तुळ आलं होतं आणि त्याला तो अनाथ काना लटकलेला. मेळ्यात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा. 'कुलकर्णी' टाकून बघितलं. आपण चार अक्षरं म्हणतो, तिने आठ मोजली : उकार वेगळा, वेलांटी वेगळी, आणि रफारात दडलेला हलन्त, तोही वेगळा.

मग मी बोलायला लागलो ते थांबेना. सांगितलं की वडील ज्या खिळ्यांनी जुळवायचे त्यांत प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं असायचं आणि ते आयुष्यभर घडाघडा उलटं वाचत आले. आमच्या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर मागून. युनिकोडमध्ये अक्षर आधी साठवतात आणि वेलांटी मागून, दिसते मात्र पुढे. शिरोरेषेचं सांगितलं : सीएसएसमध्ये इंग्रजीच्या हौसेने अक्षरांत अंतर वाढवलंत तर मराठीची शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मेकॅनिकलवाले नऊच्या नऊ ऐकत होते. सर जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपमध्ये शोधत होते. वीस मिनिटांनी त्यांना सापडलं. इंटल सेगमेंटर नावाचं एक साधन जावास्क्रिप्टमध्येच आहे. त्याला 'मराठी' म्हणून सांगितलं की ते मजकूर माणसासारखा अक्षर-अक्षर सोडवतं. सरांनी ते घातलं, मी कळ दाबली.

बरोबर. सात.

फार्मसीवाल्याने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "काका, हे मला माहीत नव्हतं." त्या दिवशी संध्याकाळी खालच्या अमृततुल्यमध्ये चहाचे पैसे त्यांनी दिले, आणि 'काका' ऐवजी दोनदा 'सर' म्हणाले. मग ओशाळून परत काकावर आले.

सातवा-आठवा आठवडा रिअ‍ॅक्टचा होता. मी हजर होतो, हजेरीपटावर सही आहे. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. एवढं आठवतं की 'नमस्कार' हा एक शब्द दाखवण्यासाठी एक आज्ञा दिली आणि लॅपटॉपमध्ये शेकडो पॅकेजं येऊन पडली. वाटीभर पोह्यांना फोडणी द्यायची तर अख्खं भुसारी दुकान घरी आणून उतरवायचं. मी विचारलं, एवढं लागतं? "काका, कोणीतरी आधीच लिहिलेलं असतं, ते घ्यायचं." सरांनीच मग गोष्ट सांगितली. २०१६ साली एका माणसाने चिडून आपली पॅकेजं सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. त्यात लेफ्टपॅड नावाचं एक अकरा ओळींचं होतं : मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. ते नाहीसं झालं आणि जगभर हजारो प्रकल्प बसले. डावीकडे जागा सोडायला जुळाऱ्याचा पोर सुद्धा बाहेरून माणूस मागवत नसे. पण हे मी मनात म्हटलं.

गिट मात्र माझ्या जिवाचा विषय. लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ते लिहिलं, कशासाठी, तर फायलींत कोणी कधी काय बदललं याची नोंद राहावी म्हणून. माझ्या दुकानातल्या एका लग्नाच्या फायली पाहा : पत्रिका. पत्रिका फायनल. पत्रिका फायनल २. पत्रिका फायनल मामा. पत्रिका खरंच फायनल. पत्रिका फायनल जुनीच बरी. हे गिट मला वीस वर्षांपूर्वी मिळतं तर डोक्यावर केस राहिले असते.

शेवटच्या प्रकल्पात आमची जोडी लागली, मी आणि बार्शीची. बाकीच्यांनी हवामान सांगणारी आणि जेवण मागवायची पानं निवडली, आम्ही लग्नपत्रिका. काम वाटून घेतलं. रात्री तिने तिच्या घरून बदल केले, मी माझ्या. सकाळी दोन्ही एकत्र करायला गेलो तर गिटने हात वर केले. एकाच ओळीवर दोघांनी लिहिलं होतं. स्क्रीनवर 'पेक्षा लहान'ची सात चिन्हं, खाली माझी ओळ : वराचं नाव आधी. मग 'बरोबर'ची सात चिन्हं, खाली तिची : वधूचं नाव आधी. मग 'पेक्षा मोठं'ची सात. आणि निरोप, तुमचं तुम्ही ठरवा. याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात म्हणे. आमच्याकडे याद्या म्हणतात. दोन्ही पक्ष सतरंजीवर समोरासमोर बसतात, मध्ये चहा-पोहे, आणि कुठल्या आजोबांचं नाव कुठल्या ओळीत यावरून दीड तास जातो.

"परंपरेने वर आधी," मी म्हटलं.

"काका, पत्रिका मुलीकडची आहे."

याला उत्तर नव्हतं. तिची ओळ ठेवली, माझी पुसली. त्याबदली खाली 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' हे लहान मुलांचं आमंत्रण मी घालून घेतलं. तिला ते नको होतं. पण वऱ्हाडात थोडंफार सोडावं लागतं.

प्रकल्प दाखवायच्या दिवशी दोन कंपन्यांची माणसं आली होती. सहा पॉइंटातलं असिस्टन्स ते हेच. एक एचआरच्या मॅडम प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं देत होत्या. हवामानाची पाच पानं पाहून त्या कंटाळलेल्या दिसल्या. हल्ली कोड एआय लिहून देतं, फ्रेशर कमीच घेतो, असं त्या सरांना हळूच सांगत होत्या. हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. आमच्या पानावर आल्यावर त्यांनी फोनवर उघडून पाहिलं. गणपती मध्यात. उभाही मध्यात, आडवाही मध्यात. शिरोरेषा अखंड. त्यांनी पान वर-खाली सरकवलं आणि बार्शीच्या मुलीला मुलाखतीची तारीख दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, तुम्हीही अप्लाय करणार का?"

"नाही हो. माझं दुकान आहे."

"मग एक विचारू?" त्यांनी आवाज खरोखरच खाली आणला. "माझ्या भावाचं लग्न आहे, दोन आठवड्यांनी. अशीच करून द्याल का? मजकूर तयार आहे, अगदी फायनल."

रात्री त्यांनी मजकूर पाठवला. मी तो पानात बसवला, फोनवर तपासला, बायकोला वाचून दाखवला, तिने दोन ठिकाणी 'चि.' राहिल्याचं सांगितलं. मग कमिट केलं. कमिट करताना काय बदललं ते दोन शब्दांत लिहायचं असतं. मी लिहिलं, 'फायनल'.

साडेदहाला फोन आला. मॅडम नव्हत्या, त्यांचे मामा होते.